मदत हवी आहे: २००४ ची जिप्सी घ्यावी का? तपासताना काय काय बघू?

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहते, माहेर मंडणगड तालुक्यात. एसटी थांबते तिथून आमच्या घरापर्यंत अडीच किलोमीटर जांभ्याचा कच्चा चढ आहे. पाऊस लागला की त्यावर रिक्षा येत नाही. गेल्या श्रावणात बाबांना रात्री दम लागला, तेव्हा वाडीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली रस्त्यापर्यंत आणलं. तेव्हापासून चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायचं डोक्यात आहे. नवीन परवडत नाही. दुरुस्ती धरून तीन लाखांच्या वर मला जाता येणार नाही.

मालाडच्या मढ बाजूला एक जिप्सी बघितली. २००४ ची, पेट्रोल, १२९८ सीसी, सॉफ्ट टॉप. नंबर एमएच-०२ चा आहे. पहिले मालक कलिन्याचे होते, आत्ताच्या काकांनी २०११ मध्ये घेतली. आरसी दोनदा रिन्यू झालीय, आता २०२९ पर्यंत आहे. काका अडीच लाख म्हणतात. माणूस सरळ वाटला, चहा पाजला, सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली दाखवली. इंजिन अर्ध्या सेल्फला सुरू झालं. रंग नवा आहे, खालूनही ताजं काळं कोटिंग मारलंय.

मला ड्रायव्हिंग चांगलं येतं, पण ४ बाय ४ ची काहीच माहिती नाही. तो दुसरा छोटा लिव्हर चालतो की नाही हे मुंबईत तपासायचं कुठे आणि कसं? आमचा नेहमीचा गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन मस्त आहे, घेऊन टाका." तेवढ्यावर पैसे द्यायला मन धजत नाही. आणि मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का हे बघायला २०२५ च्या जानेवारीत सरकारने समिती नेमली, तेव्हापासून घरचे म्हणतायत की जुनी गाडी घेऊच नकोस.

प्रतिसाद

ताई, चौदा वर्षं जिप्सी वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन सगळ्यात शेवटी बघा. जिप्सीचं इंजिन साधं आहे, बिघडलं तरी बांधून मिळतं. गाडी मरते ती चेसिसने, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याने. मढची खारी हवा आणि मुंबईचे चार महिने पावसाचे. त्यात चेसिसची नळी आतून पोकळ. चिखल आत जाऊन बसतो, ओल धरतो आणि पत्रा आतून खात येतो. बाहेरून बोट फिरवलं तर कळत नाही. तुम्ही लिहिलेलं ते ताजं काळं कोटिंग वाचूनच मला धास्ती वाटली. विकायच्या आधी कोटिंग मारणारा प्रत्येक जण लबाड असतो असं नाही, पण त्याखाली काय आहे ते बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

काकांना आधी विचारून गाडी रॅम्पवर घ्या. छोटी हातोडी आणि जाड स्क्रूड्रायव्हर बरोबर ठेवा. मागचे पाटे जिथे शॅकलने चेसिसला लटकतात तिथपासून सुरुवात करा, मग बॉडी माउंटच्या जागा (बॉडी चेसिसवर बसते त्या), मग ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. हातोडी हळू मारायची. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. वर बॉडीवर लोहचुंबक फिरवा, पुट्टी जाड असेल तिथे तो धरत नाही. काचेच्या फ्रेमचा खालचा काठ आणि मागच्या दाराचा तळ विसरू नका.

पहिले मालक कलिन्याचे, म्हणजे २६ जुलै २००५ ला गाडी तिथेच असणार. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, कलिना-कुर्ल्यात गाड्या बुडाल्या होत्या. वीस वर्षांत बरंच धुतलं जातं, तरी सीटची रूळपट्टी, डॅशबोर्डच्या मागच्या वायरींची टोकं आणि फ्यूज बॉक्स बघा. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या दोन्ही हाउसिंगचं आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ऑइल थोडं काढायला सांगा. ते दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय. आमच्या भागात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत हे नेहमी दिसतं.

पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, जिथे चाक वळतं त्या गोल भागावर ऑइल-ग्रीसचा चिकटा असेल तर सील गेलंय, ते खर्चाच्या मानाने छोटं काम. पण साठच्या आसपास स्टिअरिंग थडथडायला लागलं तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंग तपासायला लावा.

आता तुमचा छोटा लिव्हर. आधी खाली वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जागेवर आहे का ते बघा. ॲव्हरेजसाठी तो काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत, लिव्हर नुसता हलतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. चारही टायर एकाच मापाचे हवेत. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी इतका जुना टायर बदलायचा हे धरूनच भाव करा.

चाचणी डांबरावर किंवा काँक्रीटवर करू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर तो फरक सुटायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण गिअरवर येतो. मुरुमाचं मैदान किंवा बांधकामाच्या जागेवरचा मातीचा चढ शोधा, मालकाची परवानगी घेऊन. गाडी पूर्ण थांबवून छोट्या लिव्हरने ४ एल (चारही चाकं, लो गिअर) टाका, पहिला गिअर, क्लच हळू सोडा, ॲक्सिलेटरला पाय लावू नका. गाडी मुंगीच्या चालीने चढली पाहिजे. मग उतारावर पाय काढलेलाच ठेवा. लिव्हर आपोआप निसटून बाहेर आला तर ट्रान्सफर केस झिजलाय.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

प्रतिसाद

कागदांबद्दल थोडं. चेसिस नंबर स्वतः बघा, पेन्सिलने कागदावर छाप घ्या आणि आरसीशी जुळवा. तिथे वेल्डिंग किंवा घासल्याची खूण असेल तर गाडी कितीही आवडली तरी सोडा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि ई-चलान थकलंय का ते परिवहनच्या साइटवर दिसेल. पर्यावरण कराची पावती मागा. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० लागतात, त्यावर कोऱ्या सह्या करून घेण्या-देण्याचा प्रकार टाळा. पुढे लोखंडी बुलबार असेल तर काढायला सांगा, २०१७ पासून त्यावर बंदी आहे.

समिती अभ्यासासाठी नेमलेली आहे, त्यामुळे आज घाबरण्यासारखं काही नाही. पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा आहे ती दिल्ली परिसरात, मुंबईत फिटनेस तपासून आरसी पाच-पाच वर्षांनी वाढते. गाडी गावीच राहणार असेल तर बाबांच्या नावावर रत्नागिरीला घेता येईल का, तेही विचारून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी सात वाजता गेले, बरोबर मुलुंडचे एक जिप्सीवाले मिस्त्री होते. बॉनेट थंड. इंजिन खरंच छान, धूर नाही. शाफ्ट जागेवर होता. मढच्या वाटेवर एका ओळखीच्यांच्या मातीच्या प्लॉटवर ४ एल टाकला, गाडी पाय न लावता चढली. इतका आनंद झाला की तिथेच हो म्हणणार होते.

मग रॅम्प. मागच्या डाव्या शॅकलजवळ हातोडी बद्द वाजली. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आतून ओली तांबडी माती पडली. काकांचा चेहरा उतरला. त्यांना माहीत नव्हतं, ते मला पटलं. कोटिंग सर्व्हिसिंगवाल्याने सुचवलं म्हणून मारलेलं. ते लगेच दीड लाखावर आले. मिस्त्री म्हणतात पट्टी मारून वेल्डिंग होईल. घ्यावी का?

प्रतिसाद

नको, ताई. मधल्या भागात भोक असतं तर विचार केला असता. शॅकलपाशी मागच्या चाकाचा सगळा धक्का येतो. कुजलेल्या पत्र्यावर पट्टी मारली तर वेल्डिंग पकडायला शाबूत लोखंडच नाही. नीट करायचं तर बॉडी उतरवून तो तुकडा कापून बदलावा लागेल, आणि एका बाजूला भोक पडलंय तर दुसरीही तशीच असण्याची शक्यता जास्त. बाबांना घेऊन रात्री त्या चढावरून उतरायचंय, हे लक्षात ठेवा.

धागाकर्ती

बरोबर आहे. काकांना फोन करून नाही सांगितलं. त्यांनीच कल्याणच्या एका ओळखीच्यांचा नंबर दिला. हार्ड टॉप आहे, पण आरसीवर सॉफ्ट टॉप लिहिलंय. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल वाचला, त्यामुळे टप उतरवून मूळ कापड लावून देणार का ते आधी विचारते. रविवारी सकाळी बघायला जातेय. मिस्त्रींना त्या दिवशी लग्न आहे. कल्याण-डोंबिवलीचं कोणी जिप्सी वापरणारं असेल तर तासभर येऊ शकाल का? हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर मी आणते.