डोंगराने, झाडाने, नदीने सावरलं असं कधी झालंय? अनुभव लिहा

रानजाई
काल कपाट आवरताना जुन्या डायरीत कारवीचं फूल सापडलं. तेव्हा जांभळं होतं, आता चहाच्या चोथ्यासारखं झालंय. बोट लावलं तर भुगा.

आई गेली त्या वर्षीचं आहे. २३ दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर काढले होते. ती गेल्यावर घरी आले तर झोपच येईना. मॉनिटरचा टीं टीं कानातून जाईना, फ्रिज सुरू झाला तरी दचकायचे. रडू मात्र एकदाही आलं नाही. दिवसकार्य, बँकेची कामं, सगळं नीट पार पाडलं. लोक म्हणायचे, किती खंबीर आहे.

दोनेक महिन्यांनी धाकट्या भावाने ओढून हरिश्चंद्रगडावर नेलं, पायथ्याच्या पाचनई गावाकडून. वाटभर माझी कुरकुर. वर सगळा उतार कारवीने जांभळा झालेला. सोबतचा गावातला मुलगा म्हणाला, "ताई, ही सात वर्षांनी फुलते. बी पडलं का मरते. मग आम्ही काठ्या नेतो कुडाला, वरून शेणमाती लिंपली का भिंत तयार." बाजारभाव सांगावा इतक्या सहज. मी तिथेच चिखलात बसले आणि जी रडायला लागले ते थांबेचना. तो बिचारा घाबरला. बाटली पुढे करून म्हणाला, "निघायचं का? ढग येतोय."

देव भेटला वगैरे काही नाही. केदारेश्वराच्या गुहेतही गेले, पाणी इतकं गार की नमस्काराआधी शिवीच आठवली. पण त्या रात्री खाली गावात एका ओसरीवर सलग सहा तास झोपले. तुमचं असं काही असेल तर लिहा. मोठंच लिहायला हवं असं नाही.

झणझणीत
जागा धरायला रुमाल टाकतोय. रात्री लिहितो.

सोनटक्का
रानजाई, अगं डोळ्यांत पाणी आलं. मला सासूबाईंचं लिहायलाच हवं. सासरे गेले आणि त्यांनी बोलणंच सोडलं. चार महिने एक शब्द नाही, फक्त मान हलवायच्या. गावाला आमची देवराई आहे, तिथे एकदा
थांबा, कुकर. नंतर लिहिते.

भजीप्लेट
मी मनःशांतीसाठी रविवारी सिंहगडावर गेलो होतो. दीड तास गाडी घाटात अडकली. वर पोचल्यावर शेजारच्या ग्रुपचा स्पीकर. शांती मिळाली ती फक्त मडक्यातल्या दह्यात. दोन मडकी.

पाऊसवेडी
+१ दही. पण मधल्या वारी पहाटे जा हो, वेगळाच गड असतो.

आडवाट
२०१४ साली, निवृत्तीनंतर लगेच, नर्मदा परिक्रमेला निघालो, ओंकारेश्वराहून. पायी. घरच्यांना वाटलं याचं डोकं फिरलं, आणि तसं ते फिरलेलंच होतं. मुलाशी बोलणं बंद, रक्तदाब वाढलेला, घरात सगळ्यांवर ओरडायचो.

नर्मदामैया उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही, हा मुख्य नियम. जवळ पैसे ठेवायचे नाहीत असं मी माझं ठरवलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी एका म्हातारीच्या दारात उभा राहिलो. "नर्मदे हर" म्हटलं आणि पुढे तोंडच उघडेना. ३१ वर्षं बँकेत लोक माझ्यासमोर उभे राहून कर्ज मागायचे, मी फाइलमधून मान वर न करता "उद्या या" म्हणायचो. म्हातारीने काही विचारलं नाही. पीठ, दोन बटाटे आणि कागदात मीठ दिलं, वर माझ्याच पाया पडली. परिक्रमावासी म्हणून पडतात हो सगळ्यांच्या. मला मात्र ते झेपलं नाही. त्या रात्री घाटावर बसून एकेक "उद्या या" आठवत राहिलो.

मन हलकं झालं ते नदीमुळे, चालण्यामुळे की रोज काही ठरवायचंच नसल्यामुळे, मला आजही सांगता येत नाही. मुलाला फोन मात्र महेश्वरहून केला. तोही दुसऱ्याच्या मोबाइलवरून.

पाऊसवेडी
काका, मुलगा काय म्हणाला?

आडवाट
"बाबा, चपला नीट आहेत ना?" एवढंच. नीट नव्हत्या.

गवतीचहा
मला गुडघ्यांमुळे डोंगर जमत नाही. लॉकडाऊनमध्ये गॅलरीत सात कुंड्या लावल्या, त्यांनी वेड लागू दिलं नाही. सकाळी आधी त्यांना पाणी, मग माझा चहा. पण हल्ली जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय, कळ्या गळतात. कोणाला उपाय माहितीय का? (विषयांतराबद्दल सॉरी.)

तिनपानी
मिलीबग तो. जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण पाण्यात घालून फवारा. संध्याकाळी, उन्हात नको. आणि मुंग्या बघा, त्याच पसरवतात.

द्राक्षबाग
धागा वाचतोय. राग मानू नका, पण निसर्ग बरं करतो हे सुट्टीला जाणाऱ्यांचं वाक्य आहे. आम्हाला रात्रीची लाईट, दोन वाजता मोटर चालू करायला जायचं, बॅटरीच्या उजेडात बिबट्या नाही ना बघत. एका मार्चला गारपीट झाली, २० मिनिटांत काढणीला आलेला माल जमिनीवर. त्यानंतर महिनाभर मी बागेत पाऊल टाकलं नाही. घरच्यांनी फवारणीच्या औषधाची खोली कुलूप लावून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

काढणीनंतरची खरड छाटणी वडिलांनीच करून घेतली. मग एका सकाळी बांधावरून हाक मारली, "ये रे, डोळे फुटलेत." गेलो. काडीकाडीवर मुगाएवढे गुलाबी कोंब. वेलीला काय, तिला सोसायटीचं कर्ज माहीत नसतं. मी तिथेच वाकून गवत उपटायला लागलो. याला अध्यात्म म्हणतात का ते तुम्ही बघा.

रानजाई
दादा, राग कसला. बरं केलंत लिहिलंत. "मुगाएवढे गुलाबी" यावर मी बराच वेळ थांबले.

झणझणीत
द्राक्षबाग 🙏 माझं आता लिहावंसं वाटेना. मी फक्त ट्रेकला जाऊन फोटो काढतो.

मिनेसोटाकर
इथे पहिल्या हिवाळ्यात पाच वाजताच अंधार, नवरा ऑफिसात, मी आणि हीटर. शेजारची म्हातारी रोज तळ्यावर फिरायला न्यायची, उणे पंधरातसुद्धा. गोठलेलं तळं आवाज करतं हे माहितीय का कोणाला? आधी खोलवरून कण्हतं, मग या काठापासून त्या काठापर्यंत तार ओढल्यासारखा टण्ण आवाज जातो. पहिल्यांदा ऐकून मी "आई गं" ओरडले. ती हसली, म्हणाली बर्फ वाढतोय, म्हणून बोलतोय. नंतर मी तो ऐकायला एकटी जाऊ लागले. तिथेच उभी राहून मोठ्याने रामरक्षा म्हणायचे, ऐकायला कोण आहे.

साधासुधा
एक सांगू का? मला नैराश्य होतं तेव्हा टेकडीवर रोज जायचो, आणि डॉक्टरांच्या गोळ्याही दीड वर्ष चालू होत्या. कोणी हे वाचून गोळ्या सोडू नका. टेकडीवर जाण्याइतकी ताकद मला गोळ्यांनी दिली.

पाऊसवेडी
महत्त्वाचं लिहिलंत.
अवांतर: हरिश्चंद्रगडाला ६२ वर्षांच्या आईला नेता येईल का? आणि सोनटक्का ताई, कुकर झाला का? 😀

रानजाई
चालायची सवय असेल तर पाचनईकडूनच न्या, तोलार खिंडीची वाट लांब पडते. भर पावसात नको.

सोनटक्का
आले, आले. काल पाहुणे टपकले.
तर देवराई. सावंतवाडीकडे. चपला बाहेर काढायच्या, आणि आतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. सासूबाईंना हात धरून नेलं, एका मुळावर बसवलं. अर्धा तास गेला, काही नाही. वर मोठा वेल, त्याची हातभर लांब शेंग फुटून खाली पडलेली. गारंबी. त्याची गुळगुळीत चपटी बी माझ्या लेकाने उचलून हळूच खिशात टाकली.
आणि मागून आवाज, "ठेव थंयच! देवाचां आसा तां!"
चार महिन्यांनी पहिला शब्द. आम्ही सगळे दगड. लेकाने बी ठेवली. मग म्हणाल्या, "तुझो आजो पण अशीच चोरी करी." आणि हसल्या की रडल्या, मला नीट दिसलं नाही.
घरी येऊन म्हणाल्या, चहात साखर कमी आहे. तेव्हापासून बोलतायत. आत्ताही मागून विचारतायत, मोबाइलमध्ये काय एवढं लिहितेस.