मदत हवी आहे: युगांडात गृहभेटींना जाताना (आणि मिळालेल्या कोंबडीचं काय करू?)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं कंपालात आहे. इथल्या एका कॉलेजची समाजकार्य शिकणारी मुलं महिन्यातल्या एका शनिवारी बुसोगातल्या (हा युगांडाच्या पूर्वेकडचा प्रदेश) खेड्यात गृहभेटींना जातात. गाडी आमची, म्हणून मीही जाते. जिंजा ओलांडून कामुलीच्या बाजूला, दुतर्फा ऊस. मुलं युगांडाचीच, पण कंपालात वाढलेली. तिथली भाषा लुसोगा त्यांना माझ्याइतकीच येते, म्हणजे जवळजवळ नाहीच.

गेल्या खेपेला एका जाज्जाकडे गेलो (आजीला इथे जाज्जा म्हणतात). पदरी चार नातवंडं. त्यांचे आईबाप कशाने गेले हे आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. घर शेणाने सारवलेलं, थेट माझ्या आजोळची आठवण. धाकट्याच्या टाचेत जिगर झाले होते. ही पिसूची एक जात. मादी कातडीत शिरते आणि आतच फुगते. थोरली नात सेफ्टीपिनने ते उकरत बसली होती. आम्हाला पाहून तिने पिन फ्रॉकला टोचून ठेवली आणि गुडघे टेकून नमस्कार केला. प्राथमिक शाळा १९९७ पासून मोफत आहे, पण गणवेश, वह्या आणि दुपारच्या खाण्याचे पैसे कुठून आणणार? म्हणून ती घरीच. म्हातारपणाचं सरकारी अनुदान महिना २५,००० शिलिंग, पण त्याला वय ८० लागतं. जाज्जा म्हणते, "सत्तर असेल."

आम्ही मीठ, साखर, साबण दिला. निघताना तिने नातवाला पिटाळलं आणि त्याने पाय बांधलेली जिवंत कोंबडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. घरात दोनच होत्या हो! मी नको नको म्हणतेय तोवर आमच्यातली एक मुलगी कानात पुटपुटली, "मॅडम, घ्या. नाही म्हटलं तर तिचा अपमान होईल." सध्या ती बाल्कनीत आहे आणि अंडी देतेय. (शेजारच्या बुगांडात पूर्वी बायकांना कोंबडी आणि अंडी वर्ज्य होती. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, चांगलं आहे, तूही खाऊ नकोस.)

पण खरी अडचण पुढेच आहे. जाण्याआधी गावच्या चेअरमनकडे वहीत नावं लिहिली होती, रीतसर परवानगी होती. तरी परवा त्याचा फोन आला. एकसारख्या टी-शर्टातली दहा जणं नेमकी त्याच दारात थांबलेली पाहून शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं, या घरात 'तो' आजार, म्हणजे एचआयव्ही, आहे. शेजारीण आता पोरांना तिकडे खेळायला पाठवत नाही. मदत करायला गेलो आणि हे करून आलो.

मेळघाट, गडचिरोलीकडे कुणी घरोघरी फिरलं असेल तर सांगा, हे कसं टाळता? पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. जावं की नाही इथपासून प्रश्न आहे.

---

प्रतिसाद:

ताई, जा. आता थांबलात तर शेजारणीचंच खरं ठरेल. पण टी-शर्ट घरी ठेवा आणि दोघादोघांनीच जा. मी गडचिरोलीत नर्स होते. आम्ही 'गरजू' घरं निवडायचो नाही, एका टोकाने सुरुवात करून ओळीने सगळ्या दारांत जायचो. शेजारणीकडे आधी जा, तिच्याकडे पाणी प्या. सामान स्वतः देऊ नका, गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या हातून जाऊ दे. ती तिथली रोजचीच, तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. आणि एकच पिन सगळ्या भावंडांना वापरू देऊ नका, एकाचं दुसऱ्याला लागतं. कोंबडी परत करू नका. पिल्लं झाली की त्यातली दोन घेऊन जा.

---

धागाकर्ती:

खूप आभार, ताई. शेजारणीकडे आधी जायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. टी-शर्टचं आजच मुलांना कळवते. पिल्लांचं मात्र अवघड आहे, बाल्कनीत कोंबडा नाही.