दंतवैद्यकाचे कॉलेज निवडताना कर्जाचा आकडा आधी पाहावा की नंतर?

चर्चेची मांडणी : एक पालक, फोंडा

माझ्या मुलीने यंदा नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. तिला दंतवैद्यकच करायचे आहे. एमबीबीएस हुकले म्हणून बीडीएस, अशातला भाग नाही. गोव्यात दंतवैद्यकाचे कॉलेज एकच, बांबोळीचे सरकारी गोवा डेंटल कॉलेज. १९८० साली सुरू झालेल्या या कॉलेजात बीडीएसच्या जागा ५० आहेत आणि त्यांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. मुलीचे गुण पाहता तिथला प्रवेश थोडक्यात हुकेल असे दिसते. शेजारच्या राज्यातल्या एका खाजगी कॉलेजात जागा मिळू शकते, पण तिथल्या अधिवासाच्या जागांवर आपल्या मुलांचा हक्क नसल्यामुळे मिळणारी जागा महागाची असते. शुल्क, वसतिगृह, खानावळ आणि हत्यारे धरून वर्षाला ५ लाख, म्हणजे चार वर्षांत २० लाखांचे कर्ज काढावे लागेल.

माझे मत असे की, आधी कॉलेज पसंत करायचे आणि मग बँकेचे दार ठोठवायचे, हा आपल्याकडचा रूढ क्रम चुकीचा आहे. हप्ता किती येणार आणि तो कोण भरणार, हे कागदावर मांडल्याशिवाय पसंतीक्रम भरूच नये. नुसत्या बीडीएसवर सुरुवातीची कमाई बेताचीच असते. पुढे एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करायची म्हटली तर आणखी तीन वर्षे लागतात, आणि पहिले कर्ज डोक्यावर असताना दुसरे कर्ज मिळणे कठीण. म्हणून २० लाखांचे ओझे घेण्याऐवजी मुलीने एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यावी आणि बांबोळीसाठी प्रयत्न करावा, अशा विचारापर्यंत मी आलो आहे. घरात मात्र एकमत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहावे.

प्रतिसाद १ : दंतवैद्य, म्हापसा

आपली काळजी योग्य आहे, पण ज्या गोष्टीसाठी हे पैसे मोजायचे तिचा आपल्या लिहिण्यात उल्लेखच नाही. दंतवैद्यक पुस्तकातून येत नाही, ते रुग्णाच्या तोंडात हात घालून शिकावे लागते. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी विद्यार्थ्याला प्रत्येक विभागाचा कोटा पूर्ण करावा लागतो : इतके दात काढणे, इतके भरणे, इतक्या कवळ्या. पूर्ण कवळीचेच पाहा. पहिल्या दिवशी प्राथमिक माप, पुढच्या खेपेस त्यावरून तयार केलेल्या ट्रेमध्ये अंतिम माप, मग दोन्ही जबड्यांच्या चाव्याची नोंद, मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहणे, मग कवळी देणे, आणि ती हिरडीला जिथे टोचते तिथे घासून देण्यासाठी आणखी एकदोन फेऱ्या. दात नसलेले एखादे आजोबा इतक्या वेळा विद्यार्थ्यासमोर खुर्चीत बसायला तयार झाले, तरच तो विद्यार्थी कवळी शिकतो. बांबोळीला पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक येतात, ओपीडी भरलेली असते, त्यामुळे तिथे रुग्ण शोधावा लागत नाही. काही खाजगी कॉलेजांत मात्र खुर्च्या नव्या कोऱ्या असतात आणि रुग्ण नसतात. कोटा भरण्यासाठी मुले स्वतःच्या खिशातून रुग्णाचे बसभाडे देतात.

यावर आपण म्हणाल की, हा बांबोळीचाच पुरस्कार झाला. तसे नाही. खाजगी कॉलेजांतही उत्तम ओपीडी असलेली आहेत आणि त्यांचे शुल्क बहुधा जास्त असते. दोन लाखांनी स्वस्त म्हणून ओस ओपीडीचे कॉलेज घेतले, तर त्या बचतीची किंमत मुलगी पुढची कित्येक वर्षे मोजत राहील. रूट कॅनाल करताना हात थरथरत असेल तर रुग्ण दुसऱ्यांदा येत नाही आणि कर्ज कितीही लहान असले तरी ते फिटत नाही. म्हणून आधी शिक्षणाचा दर्जा पाहावा आणि नंतर कर्ज. आणखी एक गोष्ट अशी की, थांबलेले वर्ष फुकट नसते. त्या वर्षाची कमाई जाते, आणि पुढच्या वर्षी गुण वाढतीलच याची हमी कोणी देत नाही.

प्रतिसाद २ : निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

डॉक्टरांचे म्हणणे शिक्षणापुरते पटते, पण कर्ज नंतर पाहू, हे पटत नाही. हिशेब मांडून दाखवतो. व्याजदर १० टक्के धरू. चार वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला ५ लाख उचलले आणि इंटर्नशिप धरून अभ्यासक्रमाची पाच वर्षे व त्यापुढचे एक वर्ष हप्ता नसला, तरी व्याज थांबत नाही. सरळव्याजाने ते ९ लाख होते. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज २० लाख राहत नाही, ते २९ लाख झालेले असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३८,३०० रुपये, पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ३१,२०० रुपये. पंधरा वर्षांत एकूण ५६ लाख रुपये भरले जातात. २० लाख म्हणताना हा आकडा कोणाच्याही डोळ्यांसमोर नसतो.

शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास चित्र बरेच बदलते. पहिल्या वर्षी ते महिन्याला ४,२०० च्या आत राहते आणि चौथ्या वर्षापासून १६,७०० च्या आसपास जाते. हे झेपले तर दहा वर्षांचा हप्ता २६,४०० वर येतो. असे व्याज नियमित भरणाऱ्यांना काही बँका दरात सवलतही देतात. हे पैसे अर्थातच पालकांच्या पगारातून जाणार.

यापेक्षा महत्त्वाची बाब तारणाची आहे. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण मागतात, आणि गोव्यात गाडी इथेच अडते. घर वडिलोपार्जित असते, एक चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर, आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते, वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, झालेली नसते, आणि सगळ्या भावंडांच्या व त्यांच्या पतिपत्नींच्या सह्यांशिवाय ते गहाण ठेवता येत नाही. आपल्या नागरी कायद्यात पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते, म्हणून घर स्वतःच्या नावावर असले तरी एकट्याची सही पुरत नाही. घर मुंडकारी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत वसलेल्या कुळाचे, असून जागा खरेदी केलेली नसेल, तर बँक त्याला हातही लावत नाही. प्रवेशाच्या फेरीत जागा मिळाल्यावर शुल्क भरायला थोडेच दिवस हातात असतात आणि त्या दिवसांत हे कागद उभे राहत नाहीत. त्या धावपळीत लोक वैयक्तिक कर्ज किंवा सोन्यावरचे कर्ज उचलतात.

केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक यादीतल्या संस्थांसाठी तारण लागत नाही. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, ते आधी तपासावे. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेचीही चौकशी करावी. तिची मर्यादा आणि अटी पाहून उरलेल्या रकमेपुरतेच बँकेकडे जावे.

प्रतिसाद ३ : तरुण दंतवैद्य, डिचोली

मी १२ लाखांचे कर्ज काढून गोव्याबाहेर बीडीएस केले. वरच्या काकांनी दाखवलेल्या रीतीने ते फुगले आणि मला महिन्याला १८,७०० रुपयांचा हप्ता आला. सुरुवातीला मी दोन क्लिनिकांत काम करीत होते, एकीकडे ठरावीक पगार आणि दुसरीकडे केलेल्या कामाच्या टक्केवारीवर, आणि दोन्ही मिळून २५,००० च्या आसपास हाती येत असे. पहिली दोन वर्षे अर्धा हप्ता बाबांच्या पेन्शनीतून गेला, कारण सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच होती. म्हापशाच्या डॉक्टरांनी शिक्षणाबद्दल लिहिलेले सारे खरे आहे. माझ्या कॉलेजची ओपीडी चांगली होती आणि माझा हातही चांगला बसला. तरीही मी फोंड्याच्या पालकांच्या बाजूने आहे.

माझ्या मनात सत्तरी तालुक्यातल्या माझ्या गावी क्लिनिक काढायचे होते. तिथल्या लोकांना दात दाखवायला वाळपई नाहीतर डिचोली गाठावी लागते. क्लिनिक म्हणजे डेंटल खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, क्ष-किरणाचे यंत्र, शिवाय जागेचे भाडे आणि एक मदतनीस. त्यासाठी पुन्हा काही लाखांचे कर्ज हवे होते. बँकेने चालू हप्ता पाहिला आणि नकार दिला. मी आजही दुसऱ्यांच्या क्लिनिकांत काम करते. कर्जाने माझी पदवी अडवली नाही, पदवीनंतर काय करायचे ते माझ्या हातात ठेवले नाही. कॉलेज निवडताना या पुढच्या टप्प्याचा हिशेब कोणीच करीत नाही, आणि मला वाटते तो सर्वांत आधी करायला हवा.

प्रतिसाद ४ : शिक्षिका, पेडणे

मला या संपूर्ण चर्चेतील एक गोष्ट खटकते आहे आणि ती मी स्पष्ट लिहिते. मुलाला इंजिनिअरिंगला घालताना किंवा परदेशी पाठवताना घर गहाण ठेवलेली कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत. तिथे हप्त्याची कोष्टके कोणी मांडली नव्हती. मुलीच्या वेळी मात्र कर्ज या शब्दाने सगळ्यांचा हात आखडतो आणि "एक वर्ष थांब" हा सल्ला पटकन निघतो. त्याच मुलीच्या लग्नात मांडवाला, दागिन्यांना आणि जेवणावळीला लाखो रुपये जातात तेव्हा ते कर्ज कोणाला दिसत नाही. आपण असे कराल असे मी म्हणत नाही, मी आपल्याला ओळखतही नाही. पण थांबलेल्या वर्षात मुलींना काय ऐकावे लागते ते मी शाळेत पाहिले आहे, आणि त्यांतल्या काही जणी नंतर जवळच्या कॉलेजात मिळेल त्या शाखेला बसल्या. ज्या मुलीला पहिल्यापासून हेच करायचे आहे, तिच्यासाठी काढलेले कर्ज हा खर्च मानू नये. डिचोलीच्या डॉक्टर आज स्वतःच्या पायावर उभ्या आहेत, हेही त्यांच्याच अनुभवात आहे.

प्रतिसाद ५ : मूळचे वास्कोचे, सध्या अमेरिकेत

इथे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याचे कर्ज सरासरीने तीन लाख डॉलरांच्या घरात असते आणि तरी मुले ते काढतात, कारण पुढे कमाई होते. पोटाला चिमटा काढून फेडायची तयारी असेल तर २० लाख रुपयांना इतके घाबरू नये, असे मला वाटते. शिवाय गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे दात करून घेण्यासाठी येतात, तो व्यवसाय वेगळाच आहे.

निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

ही तुलना इथे लागू पडत नाही. अमेरिकेत सरकारी कर्जाचा हप्ता उत्पन्नाप्रमाणे ठरवून घेता येतो आणि सार्वजनिक सेवेत दहा वर्षे हप्ते भरले तर उरलेले कर्ज माफ होण्याची तरतूद आहे. आपल्याकडे पगार २५,००० असो वा अडीच लाख, हप्ता तोच असतो आणि तो चुकला तर सहकर्जदार वडिलांच्या नावावर थकबाकी चढते. तिथेही आता हात आवरता घेतला जात आहे : २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना अशा अभ्यासक्रमांसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलरांपर्यंतच सरकारी कर्ज मिळेल. किनाऱ्यावरच्या क्लिनिकांचे म्हणाल, तर हंगामात येणारा पाहुणा जम बसलेल्या डॉक्टरकडे जातो, काल पदवी घेतलेल्या मुलीकडे नाही.

पेडण्याच्या बाईंना माझे उत्तर इतकेच, की कोष्टक मुलासाठीही मांडायला हवे होते. ते मांडले नाही म्हणून मुलीच्या वेळीही मांडू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

मूळ मांडणी करणारे पालक, फोंडा

सर्वांचे आभार. पेडण्याच्या ताईंचे लिहिणे मला लागले, आणि ते मी मुलीला व तिच्या आईला वाचून दाखवले. मुलगी म्हणाली की, वर्षभर थांबण्याची तिची तयारी आहे, पण तो निर्णय तिचा असेल, माझा नाही. हे मला मान्य आहे.

माझे मूळ मत मी सोडलेले नाही, त्यात दोन गोष्टींची भर घालतो. पहिली म्हणजे, नुसती रक्कम पाहून कॉलेज नाकारायचे नाही. त्या कॉलेजात आम्ही कामाच्या दिवशी सकाळी जाऊ, ओपीडीत किती लोक बसले आहेत ते पाहू आणि चौथ्या वर्षाच्या मुलांना कवळीचे रुग्ण कुठून मिळतात ते विचारू. दुसरी म्हणजे, आमचे घर माझ्या आणि पत्नीच्या नावावर आहे, पण एक चौदाच्या उताऱ्यावर माझ्या थोरल्या भावाचेही नाव अजून आहे. ते प्रकरण आम्ही प्रवेशाच्या फेऱ्यांआधीच हाती घेत आहोत, कारण कर्ज काढायचे ठरले किंवा नाही ठरले, तरी ते कधीतरी करायचेच होते. शिक्षण चालू असताना दरमहा व्याज भरणे मला पगारातून कसेबसे जमेल. ते जमणार नसते तर मी या कॉलेजचा विचारच केला नसता.

दंतवैद्य, म्हापसा

ओपीडीत जाल तेव्हा सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळीकडेच गर्दी असते. बुधवारी किंवा गुरुवारी जा आणि अकरानंतर पाहा. वसतिगृहातल्या इंटर्नशी कॉलेजच्या माणसाला दूर ठेवून बोला. कर्जाबाबत आपले माझे अजूनही जुळत नाही. २० लाखांच्या उत्तम कॉलेजपुढे १२ लाखांचे सामान्य कॉलेज मी आजही सुचवणार नाही. परंतु व्याज आधीपासून भरणार असाल, तर माझ्या आक्षेपातला बराचसा भाग उरत नाही, हे मान्य करतो.

तरुण दंतवैद्य, डिचोली

मुलीने वर्षभर थांबायचे ठरवले, तर नीटच्या जीवशास्त्राच्या माझ्या वह्या अजून घरी आहेत. फोंड्याला पोचवायची व्यवस्था करीन.