वाफेच्या बंबाचं मॉडेल: कोणता निवडू? (बजेट 5,000)

रंधा_पुणे: बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेत. 14 एप्रिलच्या अग्निशमन दिनाला त्यांना घोड्यांनी ओढायच्या, वाफेवर पाणी मारणाऱ्या जुन्या बंबाचं फूटभर मॉडेल करून द्यायचंय. लाकूड, थोडं तांबं-पितळ. कोणता बंब घेऊ?

लेथवाला: खऱ्या वाफेवर चालणारं कर. माझ्या नुसत्या बॉयलरला 18 हजार लागले, पण शिट्टी वाजली की अख्खी गल्ली गोळा होते.

टेम्सकाठ: लंडनच्या मेरीवेदर कंपनीचा ‘सदरलँड’. 1863 ला लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या चाचण्यांत मोठ्या बंबांमध्ये पहिला आला. फोटो भरपूर मिळतात.

ओहायोकर: पहिला कामाचा बंब अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा, लाटा नावाच्या कारागिराचा ‘अंकल जो रॉस’. त्याच्या जोरावर शहराने 1 एप्रिल 1853 ला पगारी दल उभं केलं. हातपंपवाले स्वयंसेवक भयंकर चिडले होते.

टेम्सकाठ: पहिला कसा? ब्रेथवेट आणि एरिकसन यांनी लंडनला 1829 लाच केला होता. 1830 मध्ये तिथल्या आर्गाइल रूम्स या सभागृहाच्या आगीत थंडीने हातपंप गोठले, हा पाच तास चालला.

ओहायोकर: मग लंडनने तो का घेतला नाही? वापरात आला तो पहिला.

सुनीता_ठाणे: ऑनलाइन लेझर-कट किट मागवू नका. माझे 2,200 पाण्यात. चाकाचे आरे हातात आले, विकणारा फोन उचलत नाही.

जुना_फिटर: लाकडी मॉडेलमध्ये स्पिरिट पेटवू नका. सदरलँडसारखा नंतरच्या काळातला बंब केलात तर उभा बॉयलर मागच्या टोकाला, त्यामागे भट्टी सांभाळणाऱ्याची उभं राहायची फळी, जवान पाण्याच्या नळ्यांच्या (होजच्या) पेटीवर दोन्ही बाजूंना. भंगारवाल्याकडून तांब्याचा दोन इंची पाइप आणा. चिंचेने घासा, धुवून पूर्ण सुकला की लगेच लॅकर मारा, नाहीतर काळा पडतो. भट्टीचं दार उघडं ठेवा आणि आत ढलप्या रचा. अग्निशमन केंद्रात भट्टी अशीच रचून ठेवत, पाणीही गरम ठेवत, म्हणून दहा मिनिटांच्या आत वाफ धरायची.

लेथवाला: परत सांगतो, खरी वाफ.

टेम्सकाठ: सदरलँडच कर.

रंधा_पुणे: सगळ्यांचे आभार. बाबांना आर्गाइल रूम्सचं वाचून दाखवलं. पाच तास पाणी मारूनही दलाने नाकारला म्हटल्यावर ते म्हणाले, “हाच कर.” तेव्हा 1829 चा ठरला. जुन्या छापील चित्रावरून मापं काढतोय. ढलप्या आणि चिंच नक्की. शुक्रवार पेठेच्या आसपास छोटी आऱ्यांची चाकं कातून देणारं कोणी आहे का?