लंकावीची केबल कार: आईला न्यावं की खाली बसवावं? (मदत हवी आहे)

शेवंती_७

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मलेशियाला चाललोय. आम्ही दोघं, मुलगा (वय ११) आणि माझी आई (वय ७२). तीन रात्री क्वालालंपूर, तीन रात्री लंकावी बेटावर. विमानं झाली, हॉटेलं झाली, चिवडा किती न्यायचा यावरचं भांडणसुद्धा झालं. गाडं अडलंय ते लंकावीच्या केबल कारपाशी.

मुलाने व्हिडिओ बघून बघून आम्हाला पाठ करून दिलंय: मचिंचांग डोंगर, साधारण सव्वादोन किलोमीटर तार, वरचं स्थानक ७०८ मीटरवर, आणि तिथून पुढे दरीवर टांगलेला तो वाकडा पूल. त्याच्या दृष्टीने मलेशिया म्हणजे एवढंच. आई मात्र म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी खाली पर्सा सांभाळत बसते."

कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका रोपवेत आम्ही अडकलो होतो. कुठला ते लिहीत नाही, विषय तो नाही. पाळणा मध्येच थांबला आणि वीसेक मिनिटं नुसता लोंबकळत राहिला. नंतर सुखरूप पोचलो, पण आईने तेव्हापासून कानाला खडा लावलाय. तिला उंचीची भीती म्हणावी तर तेही नाही. तरुणपणी रायगड पायी चढलेली बाई आहे. आता गुडघे बोलतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत.

तर जे जाऊन आलेत त्यांनी सांगा. तो चढ व्हिडिओत दिसतो तेवढा खरंच अंगावर येतो का? वर पोचल्यावर गुडघेवाल्या माणसाला बसायला-फिरायला जागा आहे का, की सगळ्या पायऱ्याच? आणि मुळात आग्रह करावा का? परदेशात नेऊन आईला तिकीटघराबाहेर बसवायचं हे मला काही बरं वाटत नाहीये.

वाटसरू

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, सोबत माझे सासरे (तेव्हा ७५). खरं सांगतो, चढ अंगावर येतो. पहिला टप्पा मोठा आहे, एक हजार सातशे मीटरच्या आसपास, आणि त्यात मध्ये एका ठिकाणी तार जवळजवळ ४२ अंशांत वर जाते. समोर डोंगराची काळी भिंत आणि पायाखाली नुसतं जंगल. मग मधलं स्थानक लागतं, साडेसहाशे मीटरवर. तिथे उतरून जरा श्वास घेता येतो. पुढचा टप्पा छोटा. सगळं मिळून पंधरा मिनिटं धरा.

सासऱ्यांना पाळण्याचं काही वाटलं नाही. ते वैतागले पायऱ्यांनी. वरच्या स्थानकापासून दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर जायला जिने आहेत. पुलावर जायचं तर झाडीतून उभ्या पायऱ्यांची वाट उतरावी लागते, आणि उतरलं की परत चढणं आलंच. तिरक्या रुळांवरून जाणारी एक छोटी लिफ्ट आहे, तिचं वेगळं तिकीट. पुलाचंही वेगळं. आईंना पुलावर न्यायचं असेल तर लिफ्टचे पैसे वाचवू नका. न्यायचं नसेल तर वरच्या स्थानकावर बसूनसुद्धा समुद्र आणि बेटं दिसतात.

सकाळी उघडता उघडता जा. दुपारी ढग चढतात आणि रांगही चढते.

आंबट_चुका

काचेच्या तळाचा पाळणा मिळतो, तो अजिबात घेऊ नका. जास्तीचे पैसे देऊन भीती विकत घेणं आहे ते. (आम्ही घेतला होता. नवऱ्याने पूर्ण वेळ पाय वर उचलून धरले होते.)

मोगरा_आणि_मिरची

वाचतेय. आम्हालाही मार्चमध्ये जायचंय. व्हिसाचं काय सध्या?

केएलकर

@मोगरा: भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, डिसेंबर २०२३ पासून, आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे. पण पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, ते विसरू नका. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

@शेवंती: मी बरीच वर्षं इथे राहतो, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला लंकावीला धाडतो, त्यामुळे थोडं अधिकाराने. लंकावीत सार्वजनिक बसच्या भरवशावर राहू नका. पंताई चेनांगच्या किनाऱ्याजवळ उतरलात तर टॅक्सी किंवा ग्रॅब (ॲपवरून बोलवायची टॅक्सी), अर्ध्या तासाचा रस्ता. पायथ्याला ओरिएंटल व्हिलेज म्हणून दुकानांचं गाव केलंय, केबल कार तिथूनच सुटते. तिथे माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका. चिवडा सांभाळा!

महत्त्वाचं: केबल कारसाठी शेवटचा दिवस ठेवू नका. जानेवारी हा कोरडा, छान महिना, पण वारा असतो, आणि वारा वाढला की ते लोक बंद करतात. विजा असल्या तरी बंद. देखभालीचे बंद दिवस आधी जाहीर होतात, ते बघून घ्या. दोन सकाळी हाताशी ठेवा. शाळांच्या सुट्ट्या आणि चिनी नववर्षाचा आठवडा टाळता आला तर टाळा, नाहीतर पाळण्यात पंधरा मिनिटं आणि रांगेत दोन तास.

आणखी एक. आईंची रंगीत तालीम करायची असेल तर क्वालालंपूरहून गेंटिंगला, तिथल्या थंड हवेच्या डोंगरावर, जा. तिथली केबल कार २.८ किलोमीटर, दहाएक मिनिटं. पाळणे मोठे आणि चढ लंकावीपेक्षा पुष्कळ सौम्य. मध्ये चिन स्वी या चिनी देवळापाशी उतरता येतं. नाही आवडलं तर तिथूनच लंकावीचा बेत रद्द. मात्र त्याच दिवशी बाटू केव्ह्ज या गुहेतल्या देवळाच्या २७२ पायऱ्या ठेवू नका, गुडघे संपावर जातील.

ठोकळा

स्पष्ट लिहितो, राग नसावा. आईंनी नाही म्हटलंय ना? मग नाही. आपण आईवडिलांना फिरायला नेतो की आपल्या फोटोत उभं करायला नेतो? माझ्या वडिलांना मी असाच एकदा आग्रह करकरून बोटीत बसवलं होतं. त्या सहलीतलं त्यांना फक्त ती बोट आठवते.

शेवंती_७

@ठोकळा, राग नाही. तोच तर प्रश्न मलाही पडलाय. बाकी सगळ्यांचे आभार, पायऱ्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तारेवरचा

रोपवेच्या देखभालीत माझी नोकरी गेली (म्हणजे आयुष्य गेलं, नोकरी आता निवृत्तीपर्यंत पोचली). लंकावीला पर्यटक म्हणून गेलो होतो आणि बायकोचे फोटो काढायचे सोडून स्थानकातली चाकं बघत बसलो होतो.

ठोकळा म्हणतात ते बरोबर आहे, पण आईंना एकदा नीट विचारा की त्या दिवशी नेमकं कशाला घाबरल्या. माझा अनुभव असा की अडकलेली माणसं उंचीला घाबरत नाहीत. काय चाललंय ते कळत नाही म्हणून घाबरतात.

लंकावीचा प्रकार रायगडापेक्षा वेगळा. रायगडाला पाळणे तारेला पक्के असतात. एका बाजूचे वर येतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली जातात, स्थानकात आले की सगळंच थांबतं. इथे तार एकसारखी फिरत असते आणि सहा जणांचा पाळणा तिला चिमट्याने धरतो. स्थानकात आला की चिमटा सुटतो, पाळणा गोगलगायीच्या चालीने सरकतो, दार उघडतं, माणसं चढतात. मग दार मिटतं, पाळणा वेग घेतो आणि पुन्हा तार पकडतो. त्या पकडण्याचा एक झटका बसतो. तो बसायलाच हवा.

पुढे खांब येतो तेव्हा चाकांवरून जाताना खडखड होते. खांब ओलांडला की पाळणा किंचित खाली गेल्यासारखा वाटतो, पोटात गोळा येतो. तेही नेहमीचंच. आणि मध्येच तार हळू झाली किंवा थांबली, तर दहातल्या नऊ वेळा कारण एकच: खाली कुणीतरी वयस्कर माणूस किंवा लहान मूल चढताना वेळ लागतोय, म्हणून चालकाने वेग कमी केलाय.

शेवंती_७

@तारेवरचा, तुमची पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा. मग विचारलं, त्या दिवशी कशाची भीती वाटली. म्हणाली, "थांबला त्याचं काही नाही गं. पण वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. ना भोंगा, ना माणूस. मला वाटलं खाली सगळे जेवायला गेले आणि आपण विसरलो गेलो."

एवढी वर्षं मी तिला "उंची काही वाटत नाही गं" हेच सांगत होते!

आता तिचा तुम्हाला प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: वीज गेली तर?

तारेवरचा

आईंना नमस्कार सांगा. वीज गेली तर डिझेलचं इंजिन असतं. त्यावर तार हळूहळू फिरवून सगळे पाळणे एकेक करून स्थानकात आणतात. ते सुरू करायला काही मिनिटं जातात आणि वेग रोजच्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून वाट बघावी लागते. तेवढ्या वेळात तार मागे घसरू नये म्हणून ब्रेक असतात, आणि ते विजेवर धरलेले नसतात. वीज गेली की आपोआप लागतात. दार आतून उघडत नाही, नातवाला सांगून ठेवा.

एक युक्ती. जाताना डोंगराकडे तोंड करून बसवा आणि येतानाही डोंगराकडेच. येताना लोक हौसेने समुद्राकडे तोंड करून बसतात आणि त्या उतारावर पाळणा दरीत चाललाय असं वाटतं. पाठ दरीकडे असली की निम्मं काम होतं.

आंबट_चुका

विषय थोडा हलका करते. आईंना गोष्टींची आवड असेल तर ही सांगा. मचिंचांग आणि मात राया हे दोन राक्षस. एकाच्या मुलाचं लग्न दुसऱ्याच्या मुलीशी ठरलं आणि ऐन लग्नात दोघं व्याही हातघाईवर आले. भांडीकुंडी फेकली. रश्श्याचं भांडं जिथे फुटलं ते बेलांगा पेचाह आणि रस्सा जिथे सांडला ते कुआह. कुआह म्हणजे मलय भाषेत रस्साच. फेरीबोटी लागतात ते बंदर! शेवटी दोघांचेही डोंगर झाले. गंमत म्हणजे बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर गुनुंग राया, ८८१ मीटर, पण केबल कारचा मान मिळाला मचिंचांगला.

लग्नात रश्श्यावरून भांडण, हे काही परकं वाटलं नाही मला.

वाटसरू

भूगोलवाल्यांसाठी: मचिंचांगचा वालुकाश्म पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर. याच खडकांमुळे लंकावीला २००७ मध्ये युनेस्कोच्या भूउद्यानांत जागा मिळाली, आग्नेय आशियात पहिली. पाळण्यातून डावी-उजवीकडे जे उभे सुळके दिसतात ते बघायला विसरू नका.

शेवंती_७

मंडळी, जाऊन आलो. धागा वर काढतेय, कारण तिघीचौघींनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलंय.

गेंटिंगची तालीम जमली नाही, मुलाला सर्दी झाली. लंकावीत पहिल्या सकाळी गेलो तर वाऱ्यामुळे बंद. केएलकर, तुमचे शंभर आभार, दुसरी सकाळ राखून ठेवली होती. त्या दिवशी बापलेक तेलागा तुजुहचा धबधबा बघून आले, मी आणि आई ओरिएंटल व्हिलेजमध्ये नारळपाणी पीत बसलो. आई तासभर रिकामे लोंबणारे पाळणे बघत होती. मी काहीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढताना तीच म्हणाली, "चार घे."

साधा पाळणा घेतला, आई डोंगराकडे तोंड करून. झटका बसला तेव्हा माझा हात घट्ट धरला. पहिला खांब यायच्या आधीच म्हणाली, "आता खडखड होईल." झाली. तो उभा चढ आला तेव्हा डोळे मिटून रामरक्षा, मी खोटं कशाला सांगू. मग मध्येच वेग कमी झाला आणि पाळणा जवळपास थांबलाच. माझ्याच छातीत धस्स झालं. आई डोळे न उघडता म्हणाली, "कुणीतरी म्हातारी चढत असेल. चढू दे सावकाश."

वर पोचलो तेव्हा सगळं ढगात. वीसेक मिनिटांनी पडदा सरकल्यासारखे ढग गेले आणि खाली अंदमान समुद्र, त्यात हिरवी बेटं, उत्तरेला थायलंडचं तारुताओ. पुलावर आई आली नाही. १२५ मीटर लांब पूल एकाच खांबाला टांगलाय हे मुलाने कौतुकाने सांगितल्यावर तर नाहीच नाही. आम्ही जाऊन आलो, तिने वरून हात केला. पूल हलतो, किंचित, पण हलतो.

मोगरा, तू व्यनित विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं: वरच्या स्थानकावर शौचालय आहे, खायलाही मिळतं, पण महाग. जिन्यांना कठडे आहेत. सोबत पातळ शाल ने, ढगात अंग ओलसर होतं. लिफ्ट आम्ही येताना घेतली, जाताना नाही. चुकलं, उतरतानाच गुडघे जास्त दुखतात.

@तारेवरचा, आईचा आणखी एक प्रश्न आलाय: तो चिमटा किती दिवसांनी बदलतात?