अचलपूरनं गिरणीच्या भोंग्याची वाट बघत बसावं का?

काळीमाती:
परवा परतवाड्याहून येताना फिनले गिरणीच्या फाटकापाशी गाडी थांबवली. कुलूप गंजलेलं, आत कमरेएवढं गाजरगवत. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरच्या गिरण्या थांबल्या, त्यांत हीसुद्धा. तेव्हापासून टपरीवर एकच विषय: मिल कधी सुरू होते?

माझं म्हणणं, आता सोडा तो नाद. इमादशाहीची राजधानी होतं हे गाव. त्याचं पोट एका फाटकाला कशाला टांगायचं? कापूस इथला, संत्रा इथला, परतवाड्याला सागवानाचा डेपो. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा, बाकी सरकी. रुईच्या १७० किलोच्या गठाणी ट्रकनं बाहेर जातात. निदान सूत, तेल, ढेप तरी इथं होऊ द्या. पन्नास छोटे कारखाने असले की एक बुडाला तरी गाव बुडत नाही.

भोंगा_साडेसहाचा:
भाऊ, तुम्ही मिलमधी काम केलं नाई म्हणून बोलता. माह्या बापानं केलं. भोंगा झाला की माय चुलीवर तवा ठेवे. पगार बारीकच होता, पण फंड कटे, दवाखान्याचं कार्ड होतं, अन् किराणावाला उधारी देतानी दोनदा विचार नोता करत.

मी दोन हंगाम एका जिनिंगमधी, म्हंजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काढले, नाव नाई सांगत. दिवाळी ते होळी काम, मंग बसा घरी. नाकातोंडात रुईची धूळ, रात्रभर खोकला. फंडाचं विचारलं तं मुकादम म्हणे, उद्यापासून येऊ नोको. तुमचे पन्नास कारखाने म्हंजे असे पन्नास मुकादम!

काळीमाती:
मुकादमाचं कबूल. पण ती पक्की म्हणवणारी नोकरीसुद्धा २०२० मध्ये थांबलीच ना?

भोंगा_साडेसहाचा:
पक्की होती म्हणूनच तं थांबल्यावर कामगार भांडू शकले. कागद होते त्याईच्याजवळ. जिनिंगवाल्या पोट्ट्यानं कोणता कागद दाखवावा?

चुरी_वेचणारा:
संत्र्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. ज्याला त्याला रसाचा कारखाना सुचतो. एकदा आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढून काही वेळ ठेवून बघा, कडू पडतो. काढलेल्या रसात हळूहळू लिमोनिन म्हणून कडू द्रव्य तयार होतं, त्याचा हा प्रताप. वरून बिया भरपूर. हे फळ सोलून खायचं. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं, तेव्हा माझ्या बागेतली चुरी, म्हणजे बारीक फळं, कोणी उचलेना, बांधावर ओतली. आम्हाला हवंय ते वॅक्सिंग-ग्रेडिंग (फळांना मेण लावून प्रतवारी) आणि शीतगृह. त्यातही आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आसपास, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला. मधले महिने मजुरांना काय देणार, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

शकुंतलाप्रेमी:
आधी शकुंतला रेल्वे सुरू करा, उद्योग आपोआप येतील.

काळीमाती:
अहो, ती अडीच फुटी रुळांची गाडी मुळात इथला कापूस मूर्तिजापूरला नेऊन मुंबईच्या वाटेनं मँचेस्टरला धाडायला घातलेली! कच्चा माल बाहेर नेणं हेच तिचं काम. ब्रॉडगेज मागा, मी पहिली सही करतो.

परतवाड्याची_ताई:
सगळे दादालोक गिरणी आणि गाडीवर भांडताहेत. नांदगाव पेठेला कापडाचे कारखाने चालू आहेत, तिथं शिलाईवर मुली घेतात. त्यात २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून पीएम मित्रा या कापड उद्योगाच्या पार्कची पायाभरणी झाली, तेही तिथंच, हजारेक एकरावर. म्हणजे काम आपल्याच जिल्ह्यात येतंय. पण अमरावतीच इथून पन्नासेक किलोमीटर, नांदगाव त्याच्याही पुढं. माझ्या भाचीनं चार महिने केलं. पहाटे साडेचारला उठून डबा, अमरावतीला बस बदलायची, सुटल्यावर पुन्हा तेच. अंधार पडल्यावर स्टँडवर घ्यायला बाप मोटारसायकल घेऊन उभा. पाचव्या महिन्यात घरच्यांनी बंद केलं. पगार बरा होता, हे विशेष.

भोंगा_साडेसहाचा:
ताई, खोली काऊन नाई केली तिकडं?

परतवाड्याची_ताई:
खोलीभाडं, मेस धरून हातात काय उरतं ते मांडून बघा. आणि एकट्या मुलीला खोली देतं कोण? शिफ्टच्या वेळेला धरून परतवाड्याहून थेट नांदगाव पेठेची एक बस सोडा, दहा मुली मी आत्ता गोळा करून देते.

काळीमाती:
बसचं डोक्यात आलंच नव्हतं. पन्नास कारखान्यांचं माझं मत कायम आहे, पण आगारात अर्ज द्यायचा तर सोमवारी मी मोकळा आहे. मजकूर तुम्ही सांगा, टाईप मी करतो.