गोव्यात ज्युनिपर तगेल का? (पेडणे)

गडग्यापलीकडे:
पुढच्या अंगणात गडग्याला लागून उंच, बारा महिने हिरवं राहणारं झाड लावायचंय. विहीर एप्रिलमध्येच तळ दाखवते म्हणून कमी पाण्याचं बघत होतो तर यूट्यूबवर सगळे ज्युनिपर ज्युनिपर (ते सूचिपर्णी झाड) करतायत. नर्सरीवाला म्हणाला आहे माझ्याकडे, पण मला ती मोरपंखीच वाटली. ऊन दिवसभर, जमीन चिऱ्याची (जांभ्या दगडाची), खालच्या अंगाला पावसात पाणी तुंबतं. लावू का?

सुरंगीचा_वळेसर:
मोरपंखीच असणार ती 😄 फांदी हातात घेऊन बघा, मोरपंखीची पालवी चपटी आणि उभी असते, बोंडाला छोटी शिंगं असतात. ज्युनिपरची कोवळी पानं सुईसारखी टोचतात, जुनी खवल्यांसारखी, आणि चायनीज ज्युनिपरला तर एकाच झाडावर दोन्ही दिसतात.

फोंड्याचो_माळी:
दादा, तुम्ही उन्हाळ्याची काळजी करताय पण इथे ज्युनिपर मरतो तो पावसाने. लडाख-लाहौलकडे ज्याला शुक्पा म्हणतात, धुपाला जाळतात, तोही ज्युनिपरच, 3000 मीटरच्या वर कोरड्या हवेत वाढणारा. आपल्याकडे चार महिन्यांत साधारण 3000 मिमी कोसळतो, मुळं भिजून कुजतात, शेंडे बुरशीने करपतात. हौसच असेल तर चायनीज घ्या, त्यातल्या त्यात उकाडा सोसतो. खालच्या अंगाला अजिबात नको, वर फूट-दीड फूट उंचवटा करून चिऱ्याची खडी मिसळा आणि मिरगाला नाही, पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, कमी पाण्यावर राहतो तो मुळं खोल गेल्यावर, हे व्हिडिओवाले कोणी सांगत नाहीत. छाटताना हिरव्यातच थांबा, आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कापलं तर तिथून परत फुटत नाही.

गडग्यापलीकडे:
बापरे. मग मोठ्या कुंडीत?

फोंड्याचो_माळी:
चालेल की, पावसात पागोळीखाली तेवढी ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये लाल कोळी ही बारीक कीड येते, फांदी पांढऱ्या कागदावर झटकली की ठिपके चालताना दिसतात.

सुरंगीचा_वळेसर:
पण मी म्हणते भिरंड, म्हणजे कोकम, का नाही? सदाहरित, शेंड्याकडे निमुळतं होत जाणारं, अगदी तुम्हाला हवं तसंच दिसतं, आणि पाऊस त्याच्या घरचाच. लहानपणी थोडी सावली आणि उन्हाळी पाणी दिलं की पुढे फारसं बघावं लागत नाही. फक्त वाढ सावकाश. नर-मादी झाडं वेगळी असतात, म्हणून बियांचं रोप नको, मादीचं कलम घ्या.

गडग्यापलीकडे:
फळं पडून अंगण लाल होईल, आई ओरडेल.

सुरंगीचा_वळेसर:
सोलं घरची मिळाली की नाही ओरडणार 😂

गडग्यापलीकडे:
बरं, ज्युनिपर एक कुंडीत आणि गडग्याला भिरंड. कलमं कुठे मिळतील?

फोंड्याचो_माळी:
जुन्या गोव्याला आयसीएआरमध्ये (सरकारी शेती संशोधन संस्थेत) विचारून बघा, पण मे संपायच्या आत, नंतर धावपळ होते.